बादल्याची शेवटची उडी

जुना टीव्ही जमा करून घेण्याचा अर्ज असतो. जुना टीव्ही देण्याचा नसतो. हे ज्ञान मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जुन्या विद्युत वस्तूंच्या संकलन केंद्राच्या खिडकीपाशी झालं.

"जमा करायचाय?" खिडकीतल्या कारकुनांनी विचारलं.

"न्यायचाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी तसाच होतो.

"काका, इथे लोक टीव्ही सोडून जातात. घेऊन कुणी जात नाही."

"मी जातो."

"तसा अर्ज नाही आमच्याकडे."

आता माझ्यासारख्या निवृत्त माणसाला मागे कुबड असलेला, दोघांनी उचलायचा टीव्ही कशाला हवा होता? तर मला नको होता. बायकोला हवा होता. तिला तो का हवा होता, हे त्या घडीला मला माहीत नव्हतं. पण संसारात कारण कळेपर्यंत थांबणारा माणूस कायमचा थांबून राहतो, म्हणून मी आधी निघालो होतो.

झालं होतं असं, की माळ्यावरून जाणारा पाण्याचा पाइप गळू लागला. प्लंबर वर चढला आणि एकेक खोकं खाली देऊ लागला. तिसऱ्या खोक्यात आमच्या लेकीचा व्हिडिओ गेम निघाला. राखाडी डबा, गुंडाळलेल्या वायरी, दोन कंट्रोलर आणि एक कॅसेट. कॅसेटवरचं चित्र उडालेलं, फक्त एक बादली ओळखू येत होती. लेक आता छत्तीस वर्षांची आहे, दूरच्या शहरात राहते आणि आम्हाला फोनवर पाणी प्यायची आठवण करते. मी खोकं टाकून द्यायच्या ढिगाकडे सरकवलं, तेवढ्यात बायको म्हणाली, "चालेल का हो हे?"

आमची ही मागत नाही, कळवते. "पंखा बदलायचाय," असं कळवते आणि पंखा बदलला जातो. शेवटी "का हो" लावून तिनं काही विचारल्याचं त्रेचाळीस वर्षांत मला आठवत नाही. मी प्लंबरकडे पाहिलं. प्लंबर पाइपकडे पाहू लागला.

"सोमवारच्या आत चालू झालं तर बघा," ती म्हणाली.

पुढच्याच्या पुढच्या सोमवारी तिच्या उजव्या अंगठ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. सांधा धरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नंतर दुखणार नाही, पण अंगठा पूर्वीसारखा चटकन वळेल याची खात्री नाही. एवढ्यावरून मला काही कळायला हवं होतं. कळलं नाही.

आमचा भिंतीवरचा टीव्ही इतका पातळ आहे, की त्याला मागची बाजू आहे की नाही याचीच शंका येते. गेमच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना खुपसायला त्याला भोकंच नव्हती. लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, तो गेम आता फोनवर फुकट खेळता येतो. मी आईला पाठवते."

"मला तोच हवाय," बायको फोनच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाली. "त्यात माझं राहिलंय."

"काय राहिलंय?" लेकीनं आणि मी एकदमच विचारलं.

"राहिलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक जिन्यात भेटले. त्यांनी आयुष्यात एकही वस्तू उघडून पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला कुठल्याही वस्तूला लागू पडतो. "कॅसेटमध्ये फुंकर मारा," ते म्हणाले. "आमच्याकडे फुंकरीवरच चालायचं सगळं." मी मारली. कशाला जोडलेलं नसताना मारली, तरी जरा बरं वाटलं.

तर, संकलन केंद्राची खिडकी. कारकून गप्प बसले होते. मी स्वतः अडतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात ड्राफ्ट्समन होतो. कारकुनाच्या गप्प बसण्याचे दोन प्रकार मला ठाऊक आहेत: एक 'आता जा' असा, आणि दुसरा 'थांबा, नियमात भोक सापडतंय' असा. हा दुसरा होता.

"नाकारल्याची पावती आहे," ते सावकाश म्हणाले. "माणसानं आणलेली वस्तू आम्ही नाकारली, तर ती त्यानं त्याच दिवशी परत न्यायची असते."

"पण मी आणलेली नाही."

"मग आणा."

आम्ही दोघं मागच्या शेडमध्ये गेलो. तिथे दोनएकशे टीव्ही एकमेकांवर रचून ठेवले होते. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, सगळे काळे, आणि प्रत्येकात आम्ही दोघं लहान-लहान चालत होतो. त्यातला एक जरा बऱ्या चेहऱ्याचा निवडला, धडपडत फाटकाबाहेर नेला, दोन मिनिटं दम खाल्ला आणि पुन्हा फाटकातून आत आणला. त्यांनी खिडकीत बसून तो रीतसर नाकारला. नाकारण्याच्या कारणापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वस्तू अद्याप चालू आहे.'

हे वाक्य मला माझ्या निवृत्तीच्या कागदावर चाललं असतं.

टीव्ही घरी जेवणाच्या टेबलावर बसला. दुसरं कुठलं फर्निचर त्याला घ्यायला तयार नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही ओट्यापाशी उभ्यानं जेवू लागलो.

रविवारी सकाळी रेडिओवाल्यांना बोलावलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, हल्ली फोनची कव्हरं विकतात आणि त्या गोष्टीचा मनापासून तिटकारा करतात. खूप दिवसांनी काहीतरी उघडायला मिळणार म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॅसेटचे दोन स्क्रू काढून त्यांनी आत डोकावलं आणि विचारलं, "फुंकर कुणी मारली?"

मी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते बघायला म्हणून येऊन बसले होते. ते छताकडे पाहू लागले.

"थुंकी बसते आत," रेडिओवाले म्हणाले. "शिकलेली माणसं असून." कापसाला स्पिरिट लावून त्यांनी सगळ्या पट्ट्या पुसल्या. मग आतल्या नाण्याएवढ्या सेलला मीटर लावला, आणि डॉक्टर जसे नातेवाइकांना जरा बाजूला घेतात तसं मला गॅलरीत घेतलं.

"सेलमध्ये जीव आहे, पण नावाला. खेळ कुठवर आला त्याची आठवण या सेलवर असते. सेल गेला की आठवण गेली."

"मग नवा घाला."

"जुना काढल्याशिवाय नवा कसा घालणार? काढला त्या क्षणी आठवण पुसली. त्यापेक्षा एकदा चालू झालं, की चालूच ठेवा. मशीन चालू आहे तोवर मशीनच सांभाळतं. बंद केलंत, तर पुढचं मला विचारू नका."

खेळ चालू झाला. आधी पडद्यावर पाऊस पडल्यासारखं झालं, मग निळं, आणि मग तीन लहानशी घरं दिसली. प्रत्येक घर म्हणजे एकेका खेळाडूचा साठवलेला खेळ. पहिल्या घरावर लेकीचं नाव, शंभरपैकी चौतीस. तिसऱ्या घराच्या धुराड्यातून धूर नव्हता, ते रिकामं. मधल्या घरावर लिहिलं होतं 'आई'. शंभरपैकी नव्व्याण्णव.

"ही आई कोण?" मी विचारलं.

आयुष्यात मी बरेच मूर्ख प्रश्न विचारले आहेत, पण साक्षीदारांसमोर इतका मूर्ख क्वचितच. रेडिओवाले वायर गुंडाळू लागले. बायको पदराला हात पुसत पुढे आली, कंट्रोलर हातात घेतला आणि डोळे खाली न नेता बरोबर बटणावर अंगठा ठेवला.

तर हकीकत अशी होती. लेक बारा वर्षांची असताना माझ्या मेहुण्यानं तिला डब्यासकट ही कॅसेट आणून दिली. दुकानदार कोपऱ्यातला माल काढून टाकत होता, त्यातली. कारण तोवर ते यंत्रच संपलं होतं. नवं यंत्र आलं होतं, त्यातल्या बाहुल्या सगळीकडून गोल, त्यांच्याभोवती फिरून पाहता यायचं. आमच्या खेळातला माणूस बिचारा कागदासारखा सपाट, डावीकडून उजवीकडे जायचा आणि उड्या मारायचा. लेक रडली. मी तिला आणि मेहुण्याला मिळून एक व्याख्यान दिलं. 'उड्या मारून आजवर कुणाचं भलं झालंय' असा त्याचा विषय होता. लेक दहा दिवस खेळली आणि मैत्रिणीकडच्या गोल बाहुल्यांकडे गेली.

मग एकदा टीव्ही पुसताना बायकोचा कंट्रोलरवर हात पडला. तिथून पुढे दोन वर्षं, मी कचेरीत आणि लेक शाळेत असताना, रोज दुपारी दोन ते चार ती खेळत होती. चारला शाळेची बस यायची. मला आठवलं, त्या काळात मी मधेच कधी घरी आलो तर ही टीव्ही पुसत असायची. आमच्या घरातला टीव्ही तेव्हा फार स्वच्छ होता. पुढे मीच उत्साहानं तो बदलून दुसरा आणला आणि डबा माळ्यावर गेला.

"बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुमचं ते भाषण झालं होतं ना," ती म्हणाली.

खेळाच्या नायकाचं नाव तिनं 'बादल्या' ठेवलं होतं. बुटका, रेनकोट घातलेला, डोक्यावर उपडी बादली. पोट किंचित पुढे. तो समुद्राच्या काठावरून निघतो आणि छपरांवरून, झाडांवरून, ढगांवरून उड्या मारत वर वर जातो. कुणाला मारत नाही. वाटेत पक्षी येतात, ते त्याच्या बादलीवर बसतात, इतकंच. त्यांच्या वजनानं उडी तोकडी पडते. तिचे सगळे टप्पे पार झाले होते. राहिली होती फक्त शेवटची उडी. सगळ्यात वरच्या ढगाच्या टोकाशी उभं राहायचं आणि पलीकडच्या ढगावर पोचायचं. चुकली, की बादल्या हळूच समुद्रात पडतो, बादलीत बसून तरंगतो आणि त्या टप्प्याच्या सुरुवातीला काठाला लागतो.

त्या आठवड्यातल्या दुपारी मला अजून नीट क्रमानं आठवत नाहीत. पडदे ओढलेले असायचे. खोलीत निळसर उजेड, आणि दोन-तीन सुरांचं एक हळू गाणं सारखं फिरत असायचं, कधी संपलं आणि कधी परत सुरू झालं ते कळू नये असं. मी खुर्चीत बसून बघायचो. डोळा लागायचा, तरी ढग सरकतच राहायचे. जागा झालो की पडद्यावर तेच ढग, जरा पुढे गेलेले. एकदा खाली भाजी आणायला गेलो, तर समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्या पाहून वाटलं, इथून तिथे सहज जाता येईल. भाजीवाली म्हणाली, "काका, काय बघताय?" मी म्हणालो, "अंतर."

आणि मला तो खेळ दिसू लागला. म्हणजे त्याचं काम दिसू लागलं. मी रेषेवर पोट भरलेला माणूस आहे. काम कुणी टाळलं आणि कुणी मन लावून केलं, ते मला लांबून कळतं. बादल्याच्या मागे डोंगरांचे सात थर होते. जवळचा थर भरभर सरकायचा, त्याच्या मागचा त्याहून हळू, आणि सगळ्यात मागचा इतका हळू, की तासाभरात बोटभर हलायचा. त्या शेवटच्या थरात घरांची एक रांग होती. टीव्हीला नाक लावून मी पाहिलं, तर प्रत्येक घराला कौलं होती. कौलं मोजता येत होती. एका घराच्या खिडकीत तीन ठिपक्यांची कुंडी होती. ती बघायला कोण येणार होतं? यंत्र बंद पडणार, हे करणाऱ्यांना माहीत असणारच. बाकीचे सगळे गोल बाहुल्यांच्या मोठ्या खोलीत गेले असतील. हे चार-पाचजण जुन्या खोलीत मागे राहिले असतील, आणि आता कुणी घाई करायला नाही म्हटल्यावर बसून कौलं काढत असतील.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी कचेरीत संगणक आले. हातानं काढलेला शेवटचा नकाशा माझा होता. एका वसाहतीच्या पाइपलाइनचा. मी त्यात कालव्याकाठची झाडं काढली. एकेक. साहेबांनी हरकत घेतली नाही, कारण त्यांनी तो उघडला नाही. तो नळकांड्यात घालून कपाटावर ठेवला गेला आणि मला वाटतं कपाटासकट गेला. याबद्दल मी कधी कुणाजवळ बोललो नव्हतो. त्या दुपारी कुंडी पाहिल्यावर बायकोला सांगितलं. ती बादल्याला काठावर आणत म्हणाली, "कसली झाडं?"

"बाभळीची."

"छान," ती म्हणाली. तेवढ्यात बादल्या पडला.

ती रोज पडत होती. अंगठा कोमट पाण्यात शेकायची, पुन्हा बसायची, पुन्हा पडायची. मदत म्हणून मी शेवटच्या टप्प्याचा मोजून नकाशा काढला. जुना टी-स्क्वेअर काढला, पेन्सिलींना टोकं केली, सोमवारचा पूर्ण दिवस खर्च केला आणि कागद तिच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"तुझा शेवटचा टप्पा."

"हे तर नुसते गोळे आहेत."

"प्लॅन आहे तो. वरून पाहिलेलं दृश्य."

"वरून कोण बघतंय?" तिनं विचारलं.

अडतीस वर्षं पाइपलाइन वरून पाहिल्याचा हा परिणाम. उभ्या खेळाचा मी आडवा नकाशा काढला होता. संध्याकाळपर्यंत सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून दिला, अंतरं टाकली, उडीची कमान आखली, आणि हिशेबानं सिद्ध केलं की पलीकडचा ढग सगळ्यात लांब उडीपेक्षाही सव्वा बादली लांब आहे. ती उडी कुणाच्याच अंगठ्यानं होणार नाही. प्राध्यापकांनी आकडे तपासून सही केली.

"होणार नसती, तर त्यांनी शेवट बनवला कशाला असता?" बायको म्हणाली.

प्राध्यापक आपल्या सहीकडे पाहू लागले.

मंगळवारी जिन्यात सूचना लागली: 'गुरुवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहील.'

मी ती तीनदा वाचली. तिन्ही वेळा गुरुवारच होता.

इमारतीला बॅटरीची एक लाइन आहे. वीज गेली की तिच्यावर लिफ्ट आणि जिन्यातला दिवा चालतो. मी सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी भला माणूस आहे, पण नियमांची फाइल छातीशी धरून बोलतात. फाइल नसली तर हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नाही.

"एका घराला लाइन दिली तर उद्या प्रत्येकजण मिक्सर लावेल," ते म्हणाले. "फक्त अत्यावश्यक यंत्रालाच देता येते. घरात कुणी आजारी असेल, यंत्र चोवीस तास चालू ठेवावं लागत असेल, तर हा फॉर्म भरा."

मी फॉर्म घरी आणला. इथे मला स्पष्ट सांगायचंय, की मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. 'यंत्र किती तास चालू असते?' चोवीस. 'बंद पडल्यास काय होईल?' पूर्वीचे काहीही आठवणार नाही. 'सध्याची स्थिती?' नव्व्याण्णव टक्के. 'यंत्रावर अवलंबून असलेली व्यक्ती?' इथे मी थोडा विचार केला आणि लिहिलं, पत्नी. तेही खरं होतं. पूर्ण खरं लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती.

सेक्रेटरींनी फॉर्म वाचला, फाइल खाली ठेवली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "काका, कुणाला बोलला नाहीत ते!" मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी मला थोपटलं. थोपटून घेताना माणसाला खुलासे करता येत नाहीत.

गुरुवारी दहाला वीज गेली. लिफ्ट बंद ठेवून तळमजल्यापासून आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यातून वायर आली होती. पंखे थांबले, फ्रीज गप्प झाला, साऱ्या इमारतीत एरवी ऐकू न येणारी शांतता पसरली, आणि त्या शांततेत आमच्या जेवणाच्या टेबलावर फक्त ते हळू गाणं चालू होतं. रेडिओवाले वायरीवर लक्ष ठेवायला आले होते. प्राध्यापक येऊन बसलेच होते. बायको सकाळपासून अकरा वेळा पडली. मला मधूनच वाटत होतं, की आम्ही सगळे त्या सातव्या थरात बसलो आहोत आणि तासाला बोटभर सरकतो आहोत.

अडीचच्या सुमारास दारावर थाप पडली.

मी दार उघडलं. सेक्रेटरी होते. हातात फुलं. त्यांच्यामागे कमिटीचे दोघं, एकाच्या हातात फळांची पिशवी, दोघांचेही चेहरे हळू आवाजात बोलायच्या तयारीचे.

"दोन मिनिटं फक्त बघून जातो," सेक्रेटरी कुजबुजले. "कशा आहेत?"

"मी बरी आहे," बायको खोलीतून म्हणाली. "कोण आलंय?"

सेक्रेटरींनी आत पाहिलं. पलंग नाही, नळ्या नाहीत. टेबलावर कुबडवाला टीव्ही, टीव्हीत ढग, ढगावर डोक्यावर बादली घातलेला एक माणूस. त्यांची नजर वायरीवरून निघाली, टीव्हीपाशी पोचली आणि परत माझ्यावर आली.

"यंत्र ते हे?"

"हो."

"नव्व्याण्णव टक्के?"

"हो."

"काका," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त लागलं. "लिफ्ट बंद आहे सकाळपासून. चौथ्या मजल्यावरच्या बाई दवाखान्यात गेल्यात, त्या आता गुडघे धरून चढतील. मी त्यांना सांगितलं, आपल्याकडे एक जण फार आजारी आहे. त्या म्हणाल्या, मग मी चढेन, लिफ्ट राहू द्या. आणि तुम्ही इथे…"

मला अडतीस वर्षांच्या नोकरीत कुणी असं बोललं नव्हतं. नकाशात चूक झाली तर खोडरबर असतो.

बायकोनं कंट्रोलर टेबलावर ठेवला. तिला फॉर्ममधलं काहीच ठाऊक नव्हतं, आत्ता कळलं. ती दारात आली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "यांचं काही नाही. मी म्हटलं होतं सोमवारच्या आत चालू झालं तर बघा. यांना बघण्याची सवय नाही, करत सुटतात. बाईंना असं चढायला लावून मला नको खेळ. तुमची वायर घ्या. मी काढते."

"वहिनी, तसं नाही…" सेक्रेटरी गडबडले.

"नाही कसं? काढतेच," ती म्हणाली आणि प्लगपाशी वाकली. "बावीस वर्षं राहिलं होतं, राहू दे."

"वहिनी!" रेडिओवाले एकदम ओरडले. "हात लावू नका! तो बघा काय करतोय."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

बादल्या ढगाच्या टोकाशी, बायकोनं सोडला तिथेच उभा होता. रात्री तो खाली काठावर असायचा; या टोकाशी इतका वेळ त्याला कुणी कधी नुसतं उभं ठेवलंच नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर नेले आणि डोक्यावरची बादली काढली. खाली केस होते. चपटे, थोडे पांढरे. बादली शेजारी ठेवून तो ढगाच्या कडेला पाय सोडून बसला. गाणं थांबलं. आणि पलीकडचा ढग, सव्वा बादली लांबचा, हलला. तो ढग सातव्या थराच्या चालीनं येत होता, बोट बोट, वाटेत एकदा थांबला, पुन्हा निघाला. कमिटीतल्या एकानं फळांची पिशवी कधी खाली ठेवली ते त्यालाही कळलं नसेल. कुणी खुर्ची ओढली नाही. सगळे होते तिथेच खाली बसले. सेक्रेटरी फुलं घेऊन जमिनीवर बसले.

"मी कधी थांबलेच नाही," बायको पुटपुटली. "चारची बस असायची."

ढग बादल्याच्या पायांना येऊन टेकला.

"घ्या वहिनी, घ्या लवकर," कमिटीतले दुसरे म्हणाले.

"लवकर नाही," सेक्रेटरी म्हणाले. "सावकाश घ्या. लाइन चालू आहे."

ती टेबलापाशी गेली. कंट्रोलर उचलला. दुखरा अंगठा तिनं उडीच्या बटणावर ठेवला, मग तिथून काढला, आणि दुसऱ्या हातानं फक्त उजवीकडचा बाण हलकेच दाबला. बादल्या उठला. बादली तिथेच ठेवून त्यानं एक पाऊल टाकलं. एकच. उडी नव्हतीच ती.

ढग त्याला घेऊन वर निघाला. सगळे थर एकेक करून खाली गेले, डोंगर, झाडं, छपरं, आणि सगळ्यात शेवटी ती घरांची रांग अगदी जवळ आली, मोठी झाली. कुंडीवाल्या घराचं दार उघडं होतं. बादल्या आत गेला, खिडकीत दिवा लागला, आणि पडद्यावर ज्यांनी हे सगळं केलं त्यांची नावं येऊ लागली. फार नव्हती. मी एकेक मोठ्यानं वाचली. उच्चार चुकले असतील. कुणी हसलं नाही.

नावं संपल्यावर मधल्या घरावर शंभर आकडा आला. बायको तो थोडा वेळ बघत राहिली. मग तिनं स्वतः, कुणाला न विचारता, डब्याचं बटण बंद केलं.

"न्या आता वायर," ती म्हणाली. "बाईंची लिफ्ट सुरू करा."

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. चौथ्या मजल्यावरच्या बाई कठड्याला धरून आमच्या उघड्या दारापर्यंत पोचल्या होत्या. आत इतकी माणसं जमिनीवर बसलेली, कुणी डोळे पुसतंय, मध्ये फुलं, हे पाहून त्या जागीच थबकल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "पेशंट?"

बायको माझ्याकडे बघू लागली. सेक्रेटरी उठले, त्यांनी फाइल शोधली, ती सापडली नाही, म्हणून हातातली फुलं छातीशी धरली.

"घरी गेले," ते म्हणाले. "स्वतःच्या पायांनी."